ऐकणाऱ्याने गप्प बसावं

७ एप्रिल, सोमवार

आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. पुढे कुणाला माझं चरित्र लिहायचं झालं तर साधनांअभावी अडू नये, एवढाच हेतू.

सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतली मेंटेनन्स सुपरवायझरची नोकरी सोडून आठवडा झाला. राजीनामा दिला तेव्हा मॅनेजरने थांबा म्हटलं नाही. माझी भरारी त्याला आधीच दिसली असावी. 'शिवयोगी ऑटोट्रॉनिक्स' ही पाटी काल लागली. पाटी गाळ्यापेक्षा दोन्ही बाजूंना थोडी मोठी झाली, त्यामुळे शेजारचा वेल्डर बोलत नाही.

पहिलं काम मोठं आहे. सांगोल्याच्या श्रीशैलअण्णांचे पाण्याचे टँकर. टँकर भरून निघतो आणि गावात पोचेपर्यंत पाणी कमी होतं. वाटेतल्या ढाब्यांची आणि डाळिंबाच्या बागांची तहान कशी भागते, हे अण्णांना जाणून घ्यायचंय. उपाय माझा. टाकीत पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर, केबिनमध्ये आकडा दाखवणारा डिस्प्ले. सध्या एका टँकरवर बसवायचं. २ मे रोजी अण्णा स्वतः केबिनमध्ये बसणार. विहिरीपासून गावापर्यंत डिस्प्ले चालू राहिला तर सगळ्या टँकरचं काम माझं. नाही राहिला तर... हे वाक्य पूर्ण करण्याची गरज वाटत नाही.

संकल्प: रोज पहाटे उठणे. व्यायाम. कमी बोलणे.

८ एप्रिल, मंगळवार

पहाटे उठलो नाही. पंखा बंद पडला होता, त्यामुळे झोप उशिरा लागली.

जेवताना बायकोला, म्हणजे चंद्रिकाला, आणि अव्वाला, म्हणजे आईला, माझ्या कामातलं तत्त्व समजावून सांगितलं. हल्ली गाडीतल्या यंत्रांना एकमेकांशी बोलायला वेगवेगळ्या वायरी नसतात. पीळ घातलेल्या दोन वायरींवर सगळी बसलेली असतात. एक बोलतं, बाकीची ऐकतात. बोलणारा संदेशाच्या शेवटी चिमूटभर जागा मोकळी सोडतो. ज्याने नीट ऐकलं त्याने त्या जागेत 'हूं' म्हणायचं. ही पोचपावती. एकाने म्हटलं तरी पुरे. 'हूं' कुणाचं आलं ते बोलणाऱ्याला कळत नाही, आणि त्याने ते बघायचंही नसतं. 'हूं' आलं, संदेश पोचला, विषय संपला. कुणाचंच आलं नाही तर तोच संदेश पुन्हा. मग पुन्हा.

चंद्रिकाने विचारलं, ज्याला सांगायचं होतं त्याने ऐकलंच नाही आणि भलत्यानेच हूं म्हटलं, तर? मी सांगितलं, नियम म्हणजे नियम, घरातून हूं आलं की झालं. ती बरं म्हणाली. बँकेत नोकरी करूनही तिने असा प्रश्न विचारला याचं कौतुक वाटलं. अव्वा खाटेवर पडून टीव्हीवरची कन्नड मालिका बघत होती. मध्येच म्हणाली, हूं. अव्वाला सुद्धा समजलं.

१० एप्रिल, गुरुवार

सांगोला. ऊन असं की सावलीलाही घाम यावा.

टँकरचा ड्रायव्हर त्रिंबक. माणूस प्रेमळ पण प्रगतीला विरोध. म्हणाला, साहेब, टाकीत काठी घातली की पाणी कळतंय की, ह्यो डबडा कशाला? मी हसून सोडून दिलं.

टँकर जुना. त्यात असली यंत्रं मुळीच नाहीत. त्यामुळे माझ्या दोन वायरी, एका टोकाला सेन्सर, दुसऱ्या टोकाला डिस्प्ले. सुटसुटीत. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये दोन पर्याय निघाले. एक 'नॉर्मल', दुसरा 'फक्त ऐका'. कंपनीने नॉर्मल ठेवून पाठवला होता. मी 'फक्त ऐका' केलं. ज्याचं काम ऐकणं आहे त्याला तोंड कशाला हवं? माझ्या पाहण्यातली सगळी भांडणं ऐकणाऱ्याने तोंड उघडल्यामुळे झाली आहेत.

मग हूं कोण म्हणणार, असा एक विचार क्षणभर मनात आला. पण नेटवर्क म्हटलं की कुणी ना कुणी म्हणतंच.

तपासणीची डबी जोडली. ही काडेपेटीएवढी डबी वायरींना लावली की त्यांवरून काय चाललंय ते लॅपटॉपवर दिसतं. केबिनच्या मागच्या खिडकीतून दिसणारा सेन्सरचा दिवा हिरवा. डिस्प्लेवर आकडा. सगळं चोख. डबी काढून खिशात टाकली आणि निघालो.

संकल्प: 'फक्त ऐका' हा नियम घरीही पाळणे.

१३ एप्रिल, रविवार

नियमाची पहिली परीक्षा. चंद्रिका भाकरी वाढताना बँकेचं काहीतरी सांगत होती. प्रमोशन आलंय, कर्नाटकात विजयपूरला जावं लागेल, महिनाअखेरपर्यंत होकार कळवायचाय, तुमचं काय म्हणणं, वगैरे. मी शेवटपर्यंत ऐकलं. चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही. ती थोडा वेळ थांबली, मग शेंगाची चटणी वाढून आत गेली.

वाद झाला नाही. पद्धत लागू पडतेय.

१५ एप्रिल, मंगळवार

त्रिंबकचा फोन. तुमी गेल्यापासनं दिवा लाल हाय, डबड्यावर आकडाच न्हाय.

तातडीने सांगोला. डबी जोडली, सेन्सर बंद करून चालू केला. हिरवा. अर्धा तास बसून राहिलो, हिरवाच. त्रिंबकला सांगितलं, काही झालेलं नाही. डबी काढली, निघालो. महूदच्या फाट्यावर एसटीची वाट बघत होतो तेवढ्यात पुन्हा फोन. लाल.

धूळ गेली असणार.

१७ एप्रिल, गुरुवार

धूळ नव्हे, खडखडाट असणार. सेन्सरखाली रबर घातलं. डबी जोडून बसलो. टँकर तीन खेपा फिरला, दिवा हिरवा. डबी काढून उतरलो. टँकर वळणापलीकडे गेला आणि त्रिंबकने हॉर्न वाजवला. लाल झाला की हॉर्न वाजवायचा असं ठरलं होतं.

पळत गेलो तर टँकर ढाब्यापाशी उभा. त्रिंबक चहा पीत होता. टँकरच्या मागे ढाब्याचा एक माणूस पाईप धरून उभा होता. काहीतरी बागेचं काम असावं.

१८ एप्रिल, शुक्रवार

सेन्सर ज्यांच्याकडून घेतला त्या पुण्याच्या कंपनीत धम्मप्रिया नावाच्या इंजिनिअर आहेत. फोन केला. त्यांनी सांगितलं ते असं: या सेन्सरला हूं आलं नाही तर तो तेच तेच सांगत राहतो, काही वेळाने कंटाळून गप्प होतो आणि लाल दिवा लावतो. बंद करून चालू करेपर्यंत बोलत नाही. मग त्यांनी विचारलं, डिस्प्ले कुठल्या मोडवर आहे? मी म्हणालो, मोड योग्य आहे. पुन्हा विचारलं. मी म्हणालो, मॅडम, मी या क्षेत्रात जुना आहे. त्या बरं म्हणाल्या. हल्लीच्या मुली लवकर माघार घेतात.

संध्याकाळी चंद्रिकाने रविवारचंच पुन्हा सांगितलं. प्रमोशन, विजयपूर, महिनाअखेर. शब्दसुद्धा तेच. संसारात पुनरावृत्ती फार. मी ऐकलं.

२० एप्रिल, रविवार

आज प्रकाश पडला. मी असतो तेव्हा हिरवा. मी उतरलो की लाल. एकदा नाही, दर वेळी. याचा अर्थ एकच निघतो. यंत्रणेला माझ्या उपस्थितीची गरज आहे.

कारखान्यातही हे घडायचं. मी मशीनजवळ गेलो की ऑपरेटर म्हणायचे, साहेब तुम्ही आलात आणि चालू झालं. तेव्हा मी विनयाने दुर्लक्ष करायचो. त्या ऑपरेटरांनी मशीनचा स्विच तेव्हाच चालू केलेला असायचा, ही गोष्ट वेगळी.

चंद्रिका आज लॅपटॉप आणि माझ्या मध्ये येऊन उभी राहिली. म्हणाली, अहो, नुसतं हो किंवा नाही सांगा, म्हणजे मी कळवून मोकळी होते. तुम्ही हूं म्हटलं तरी चालेल. मी मान हलवणार होतो, पण मान हलवणं हाही प्रतिसादच. स्थिर राहिलो. अशा वेळी कस लागतो.

अव्वा आतून हूं म्हणाली. पण तेव्हा टीव्हीवर साबणाची जाहिरात चालू होती, त्यामुळे ते मोजलं नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

अण्णांच्या सगळ्या टँकरमध्ये मी एकटा कसा बसणार? हा प्रश्न होता. उत्तर सापडलं. फोटो.

नोकरीत सत्कार झाला होता तेव्हाचा, फेटा बांधलेला. सात रस्त्याजवळ मोठा करून फ्रेम करून घेतला. फ्रेमवाल्याने हळूच विचारलं, कधी गेले? मी म्हणालो, उद्या चाललोय, सांगोल्याला. तो हात जोडून म्हणाला, मग पैसे राहू देत.

२३ एप्रिल, बुधवार

डॅशबोर्डवर फोटो बसवला, सेन्सर बंद करून चालू केला. त्रिंबकने बराच वेळ बघितलं. म्हणाला, साहेब, आमी गाडीत देव ठेवतो, माणूस न्हाय ठेवत. पण बसू द्या. त्याने सवयीने उदबत्तीही ओवाळली. मी अडवलं नाही.

आज नोंदी गोळा व्हाव्यात म्हणून डबी वायरींनाच जोडून ठेवली, सीटमागे चिकटपट्टीने चिकटवली. तिला वीज टँकरचीच मिळते. लॅपटॉप घेऊन घरी आलो.

दिवसभर हॉर्न नाही, फोन नाही. संध्याकाळी मीच फोन केला. त्रिंबक नाराज आवाजात म्हणाला, हिरवा हाय की.

फोटो चालतो.

२५ एप्रिल, शुक्रवार

तिसरा दिवस, हिरवा. त्रिंबक म्हणतो, ढाब्यावर थांबायलाच जमंना, आकडा कमी झाला की लगेच दिसतंय. फोटूचे डोळे लई वाईट हायत. मी म्हणालो, डोळे नव्हेत, चारित्र्य.

धम्मप्रियांचा स्वतःहून फोन. मोड बघितला का? मी सांगितलं, प्रश्न सुटलाय, कारण सांगितलं तर तुमच्या अभ्यासक्रमात बसणार नाही. त्यांनी विचारलं, तपासणीची डबी जोडलेली आहे का? मी म्हणालो, आहे, पण ती फक्त बघते. त्या म्हणाल्या, सर, ती नुसती बघत नसते. रेंज गेली. म्हणजे मी घालवली.

घरी कमालीची शांतता. चंद्रिका विजयपूरचं काढत नाही. तेच तेच सांगणं थांबलं. जेवण वाढते, ताट उचलते, आपल्या कामाला लागते. बारा वर्षांच्या संसारात इतका सुसंवाद कधी नव्हता.

संकल्प: 'घरगुती शांततेची शास्त्रीय पद्धत' या विषयावर रोटरीत व्याख्यान देण्याची तयारी ठेवणे. अजून त्यांनी बोलावलेलं नाही.

२७ एप्रिल, रविवार

पहाटे उठलो. मांजराने भांडी पाडली होती. भांडी कमी आहेत असं वाटलं. मिक्सर दिसला नाही. पितळी डबे नाहीत. उन्हाळी सफाई असावी. भिंतीवरचे आमचे लग्नाचे फोटोही पुसायला काढलेत. खिळे तेवढे आहेत.

अव्वा आज फार खुशीत. स्वतःशीच कन्नडमध्ये गुणगुणत कपड्यांच्या घड्या करत होती. तिचं माहेर विजयपूरच्या बाजूचं. म्हातारपणी माणसं मनाने माहेरी जातात. मला म्हणाली, शिवू, नीट जेवत जा हां. मी ऐकलं. नियम आईलाही लागू.

३० एप्रिल, बुधवार

बसवजयंती. घरी होळगी, म्हणजे आमच्याकडची पुरणपोळी. चंद्रिकाच्या हातची होळगी म्हणजे तोंडात विरघळते. हे तिला सांगावंसं वाटलं, पण सांगितलं असतं तर ती काहीतरी म्हणाली असती, मग मी काहीतरी.

ताटावर बसलो असताना ती उभी राहून म्हणाली, आज शेवटचा दिवस आहे. बँकेला होकार कळवते. विजयपूरला क्वार्टर मिळतंय, अव्वाही येते म्हणतायत. तुम्हालाही तिकडे गाळा बघता येईल. चालेल ना? आणि वाट बघत राहिली. पोळीवर तूप वितळून ताटात पसरलं तरी उभीच होती.

मी पोळीकडे बघत राहिलो. माझा परवाचा दिवस किती मोठा आहे याची घरात कुणाला कल्पना नाही.

अव्वा खाटेवरून म्हणाली, हूं.

चंद्रिकाने अव्वाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग म्हणाली, आयतु, झालं. फोन घेऊन गॅलरीत गेली आणि बँकेत कुणाला तरी कळवलं. आत आली तेव्हा चेहरा हलका झाला होता. बायका सणावाराला प्रसन्न असतात.

१ मे, गुरुवार

आमच्या दारात टेम्पो. कुणीतरी घर बदलतंय. टेम्पोवाला एकटाच, तेव्हा शेजारधर्म म्हणून मीही हात लावला. कपाट खाली उतरवताना कंबर लागली. कपाट अगदी आमच्यासारखंच होतं, दाराला तसाच पोचा. कंपन्या हल्ली एकाच साच्यातून काढतात. खाटही तशीच. चंद्रिका खाली उभी राहून टेम्पोवाल्याला कुठे काय ठेवायचं ते सांगत होती. तिचा स्वभाव मुळातच मदत करण्याचा.

टेम्पो गेल्यावर ती माझ्याजवळ आली. माझ्या शर्टाला लागलेली धूळ झटकली आणि वर गेली. घाईत होती वाटतं.

संध्याकाळी घर मोकळं मोकळं वाटलं. हॉलमध्ये उभं राहून उद्याच्या चाचणीचं प्रास्ताविक म्हणून बघितलं. आवाज छान घुमला. अव्वा आणि चंद्रिका चटईवर झोपल्या. उकाडा आहेच.

२ मे, शुक्रवार, पहाटे

उठलो. निघतोय. चंद्रिकाही जागी होती. दारापर्यंत आली. म्हणाली, चाचणी चांगली होऊ दे. आम्ही सकाळच्या गाडीने निघतो. फोन करा. मी ऐकलं आणि निघालो. जिन्यात वाटलं की मागे वळून हात करावा. केला नाही. एसटी चुकली असती.

२ मे, दुपार, सांगोला बसस्थानक

वडापाव खाल्ला. लिहावंसं वाटत नाही, पण चरित्राला वाईट दिवसही लागतात.

श्रीशैलअण्णा पांढरे कपडे घालून आले. केबिनमध्ये चढले. फोटो बघितला. मला बघितलं. पुन्हा फोटो. मी खुलासा करणार तेवढ्यात त्यांनी सीटमागे हात घालून विचारलं, हे काय लोंबतंय? ती डबी होती. चिकटपट्टी सुटून तारा बाहेर आल्या होत्या. मी म्हणालो, काही नाही, नुसती बघते. अण्णा म्हणाले, मग काढा, चाचणी आहे तर नीटनेटकी दिसू दे. मी डबी काढून खिशात टाकली. फोटो पुसून सरळ केला.

विहिरीवर टाकी भरली. आकडा आला. दिवा हिरवा. अण्णा खूश. मी प्रास्ताविक केलं. केबिनमध्ये ते घुमलं नाही.

पहिलं वळण येण्याआधीच दिवा लाल. डिस्प्लेवर नुसत्या रेघा. मी फोटोचा कोन बदलला. लाल. फोटो सेन्सरच्या बाजूला वळवला. लाल. फोटो मांडीवर घेऊन मागच्या खिडकीतून टाकीकडे धरला. त्रिंबक गाडी हळू करून म्हणाला, साहेब, तुमी सोता खाली उतरून टाकीवर बसून बगा. बसलो. पत्रा तापलेला होता. लालच.

मला उतरवायला टँकर थांबला तो नेमका ढाब्यापाशी. नेहमीची गाडी बघून पाईपवाला माणूस आला. अण्णा खाली उतरून त्या माणसाकडे आणि त्रिंबककडे बघत राहिले. म्हणाले, आता कळलं पाणी कुठं जातं. डबड्याशिवाय कळलं. मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, फोटो चांगला आलाय. घेऊन जा.

टँकरचं काम मिळणार नाही. नोकरी सोडलेली आहे. हे वाक्य पूर्ण झालं.

धम्मप्रियांना फोन केला. यावेळी रेंज राहू दिली. त्या म्हणाल्या, सर, तुमच्या दोन वायरींवर दोघंच आहेत. एक बोलतो. दुसऱ्याला तुम्ही फक्त ऐकायला बसवलंय. तो सगळं ऐकतो, आकडासुद्धा दाखवतो, पण हूं म्हणत नाही. सेन्सर बिचारा तेच तेच सांगून दमतो आणि गप्प होतो. तुमची डबी जोडली की डबी हूं म्हणते. एवढंच होतं. मी विचारलं, म्हणजे फोटोचा काही संबंध नाही? त्या म्हणाल्या, कुठला फोटो?

डिस्प्लेवर 'नॉर्मल' केलं, सेन्सर बंद करून चालू केला. हिरवा. डबी नाही, फोटो नाही, मी खाली उभा, आणि हिरवा. एका बटणाचं काम होतं. बघायला कुणी नव्हतं. त्रिंबकला अण्णा आपल्या गाडीतून घेऊन गेले होते.

२ मे, सायंकाळ, घर

एसटीत ठरवलं. आजपासून चंद्रिकाच्या प्रत्येक वाक्याला हूं. सरावही केला. कंडक्टरने विचारलं, कुटं? मी म्हणालो, हूं. त्याने पुन्हा विचारलं. हूं. तिसऱ्यांदा त्याने स्वतःच्या मनाने सोलापूरचं तिकीट दिलं. पद्धत थोडी सुधारावी लागेल.

मोहोळ सोडल्यावर चंद्रिकाला काय काय सांगायचं ते आठवू लागलो. होळगी चांगली झाली होती, हे पहिलं.

घराला कुलूप. किल्ली शेजारच्या धनलक्ष्मीअक्कांकडे. त्या म्हणाल्या, सकाळच्या गाडीनं गेल्या की दोघी विजयपूरला. तुमाला म्हाईत न्हाय? सगळ्या गल्लीला म्हाईत हाय. भाजीवाल्यानं पण विचारलं, कदी जाणार म्हणून.

आत शिरलो. माझं टेबल, माझी खुर्ची, एक ताट, एक वाटी, शेंगाच्या चटणीची बरणी काठोकाठ भरलेली. खाटेच्या जागी फरशी स्वच्छ चौकोनी दिसत होती. कालचं कपाट आमचंच होतं. मी ते स्वतः खाली उतरवलं, आणि वर टेम्पोवाल्याला म्हणालो की कुणाचं तरी आहे, जपून ने.

भीती वाटली. खूप वाटली. हे लिहून ठेवतो, नंतर खोडता येईल.

हॉलमध्ये उभा राहून म्हणालो, चंद्रिका, मी आलो. घुमलं. पुन्हा म्हणालो. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी माझाच आवाज ऐकून कंटाळा आला आणि खुर्चीवर बसलो.

फोन लावला. चंद्रिकाने उचलला. मागे भांडी लावल्याचा आवाज. मी म्हणालो, मला सांगितलं नाहीस. ती रागावली नव्हती, हे जास्त वाईट. म्हणाली, सांगितलं. रविवारी सांगितलं, शुक्रवारी सांगितलं, तुमच्या लॅपटॉपपुढे उभं राहून सांगितलं, सणादिवशी ताटावर सांगितलं. घरातून हूं आलं. कुणाचं आलं ते बघायचं नसतं, असं तुम्हीच शिकवलंत.

नियम बरोबर सांगितला होता.

मग तिने विचारलं, टँकरचं काय झालं? मी खरं सांगितलं. फोटोचं सोडून सगळं. बोलताना ती एकेका वाक्याला हं, हं करत होती, आणि मला एकदाही तेच पुन्हा सांगावं लागलं नाही. हे इतकं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं.

शेवटी म्हणालो, होळगी चांगली झाली होती. पलीकडे काही नाही. म्हणालो, मी येऊ का तिकडे?

तरीही काही नाही. भांड्यांचा आवाज थांबला. टीव्ही चालू होता, कन्नड मालिका. मी पुन्हा विचारलं, येऊ का?

थोड्या वेळाने पलीकडून आलं, हूं.

फोन कट झाला. आवाज चंद्रिकाचा असेल. अव्वाचाही असेल, आणि अव्वाचा असेल तर तो मला होता की मालिकेतल्या सासूला, हे सांगता येणार नाही. पुन्हा फोन लावून विचारणार होतो. लावला नाही. एक आलंय, एक पुरे.

उद्याच्या पहिल्या गाडीने विजयपूर. बॅग भरली. फोटो घ्यावा की नाही यावर बराच विचार केला, शेवटी भिंतीकडे तोंड करून ठेवला. टॉवेल सापडत नाही. तो कालच टेम्पोतून गेला असावा.